मंगळवारचं कुलूप

दाभणकाकूंची आणि माझी ओळख कॉलेजच्या गेटवर झाली, तीही भांडणातून. शनिवारी सकाळी मी आत शिरत होते, तर वॉचमन एका साठीला टेकलेल्या बाईंची पिशवी धरून उभा आणि त्याच्या हातात वीतभर लांब दाभण. पोती शिवायचं असतं ना तसलं जाड, फक्त टोकाला जरा वाकवलेलं.

"हे हत्यार आहे," वॉचमन म्हणाला.

"हत्यारच आहे. माझ्या कामाचं. तुमची काठी नाही का तुमच्या कामाची?"

"मग आत कशाला पाहिजे?"

"आत नकोच आहे हो. पिशवीत असतं. चष्मा असतो तसं."

शेवटी दाभण वॉचमनच्या टेबलाच्या खणात गेलं आणि बाई आत आल्या. रजिस्टरमध्ये त्याने नाव लिहिलं 'दाभणवाल्या काकू', आम्ही तेच उचललं आणि मग त्या आमच्यासाठी कायमच्या दाभणकाकू झाल्या.

आमच्या लॉ कॉलेजात दर शनिवारी दहा ते दोन मोफत कायदा क्लिनिक चालतं. तळमजल्यावरची खोली, जिथे पूर्वी लायब्ररीची फाटकी पुस्तकं बांधायचे. अजूनही भिंतींना खळीचा वास येतो. चार टेबलं, बारा खुर्च्या, त्यातल्या चार पार फाटलेल्या, दोन कॉम्प्युटर. आम्ही विद्यार्थी लोकांचं ऐकून घेतो, कागद तयार करतो, कोर्टात उभे राहतात ते आमचे सर, कारण ते खरे वकील आहेत आणि आम्ही अजून नाही. बाहेर क्लिनिक असा बोर्ड असल्यामुळे महिन्यातून एक तरी माणूस खोकत येतो. एका आजोबांनी तर शर्टाची बाही वर करून हातच पुढे केला होता.

आम्ही जोडीने काम करतो. एकाने विचारायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. माझ्या जोडीला वर्गातला एक मुलगा होता, त्याला सगळे प्रश्नपत्रिका म्हणतात, कारण त्याला साधं चहा घेणार का विचारलं तरी तो तीन उपप्रश्न विचारतो. विचारायचं काम त्याचं. टाइप करायचं माझं, कारण माझी बोटं सगळ्यात भरभर चालतात. कॉम्प्युटरवर 'नमुने' नावाचं फोल्डर होतं, जुन्या केसेसची प्रतिज्ञापत्रं त्यात ठेवलेली. नवी केस आली की तशाच प्रकारची जुनी उघडायची, नावं, वय, पत्ता बदलायचा, जे वेगळं असेल ते घालायचं. आमच्या आधीच्या मुलांनी असंच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही.

काकू बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सीट दुरुस्त करायच्या. चौतीस वर्षं. लागल्या होत्या बस झाडायला, मग तिथल्या म्हाताऱ्या सीटवाल्या उस्तादांनी त्यांच्या हातात दाभण दिलं. फाटलेलं रेग्झिन काढायचं, आतला फोम भरायचा, नवं चढवायचं, कडेने दुहेरी टाका घालायचा. वाकडं टोक त्यांनी स्वतः ठोकून केलं होतं, सीटच्या कोपऱ्यात हात जात नाही म्हणून. मला म्हणाल्या, शाळेची पोरं सीटला बोट घालून भोक पाडतात, तरणी पोरं ब्लेड मारतात, आणि एकटा माणूस असेल तर तो खिडकीकडची शिवण नखाने उसवत बसतो. "सीट बघून मला कळतं कोण बसून गेलं."

त्या आल्या होत्या दादासाठी.

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, वय त्रेसष्ट. लहानपणी तापात डोक्याला काहीतरी झालं आणि तो पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढाच राहिला. आई होती तोवर आईने सांभाळलं, ती गेल्यावर एकोणीस वर्षं काकूंनी. लग्न एकदा ठरलं होतं. मुलाकडचे म्हणाले भावाची कुठेतरी सोय करा, काकू म्हणाल्या तुमची तुम्ही दुसरीकडे करा. एवढंच सांगितलं त्याबद्दल आणि प्रश्नपत्रिकेने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं तेव्हा मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

कागदावर दादाचं पालक कुणीच नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. आता काकूंच्या थोरल्या बहिणीने, दुसऱ्या गावी असतात त्या, कोर्टात अर्ज केला होता की मला पालक नेमा, भावाला मी माझ्याकडे नेते. काकूंना आठ दिवसांत उत्तर द्यायचं होतं. दादा त्यांच्याकडे राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता, बाकी काही नाही.

"दिवसभर तुम्ही डेपोत असता, मग दादा कुठे असतो?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"माझ्याबरोबर. ज्या बसचं काम चाललेलं असतं त्या बसमध्ये बसतो. आत्ताही मेकॅनिकांजवळ बसवून आलेय."

"तिथे करतो काय?"

काकू पहिल्यांदा हसल्या. "आवाज ओळखतो. बस फाटकातून आत यायच्या आधीच सांगतो, एकवीस आली, चाळीस आली. एकदा म्हणाला सतरा आजारी आहे. मेकॅनिकांनी उघडून बघितलं, गिअरबॉक्स गेलेला. तेव्हापासून सगळे त्याला साहेब म्हणतात. गाडी रिपेअर झाली की विचारतात, काय साहेब, सोडू का?"

"रोज नेता?"

"मंगळवार सोडून. मंगळवारी सेफ्टीवाले येतात तपासणीला, बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. मंगळवारी मी त्याला घरी ठेवते. नऊ ते दीड. डबा ठेवते, पाणी ठेवते, रेडिओ लावून देते. बाहेरून कुलूप घालते, नाहीतर तो आवाजाच्या मागे रस्त्यावर जातो. एकदा गेला होता."

प्रश्नपत्रिकेने वहीत लिहून घेतलं. मी ऐकलं. मला चांगलं आठवतंय मी ऐकलं, कारण मी मनात म्हटलं, हे कोर्टात वाईट दिसेल.

जुनं प्रतिज्ञापत्र एका आईचं होतं, तिच्या मुलाबद्दलचं. मी नावं बदलली, वय बदललं, डेपो घातला, बसचे आवाज घातले, आई गेल्यानंतरची एकोणीस वर्षं घातली. सहाव्या परिच्छेदात त्या दुसऱ्या बाईचं एक वाक्य होतं, 'सदर व्यक्तीस मी आजवर एकदाही एकटे ठेवलेले नाही.' ते मी काढलं नाही. विसरले असं म्हणायला मला आवडेल. मी ते वाचलं, जरा थांबले आणि पुढे गेले. बाहेर अकरा माणसं बसली होती.

काकूंनी चष्मा काढला, कागद लांब धरला, जवळ धरला. "बारीक आहे गं. वाचून दाखवतेस?"

"तुम्ही सांगितलं तेच आहे काकू. इथे सही करा आणि इथे."

त्यांनी केली. सरांनीही कागद चाळला आणि त्यांना सगळं ठीक दिसलं, कारण कागदावर सगळं ठीकच होतं. वही त्यांनी मागितली नाही आणि आम्ही दिली नाही.

कोर्टाची खोली मला वाटायची त्यापेक्षा लहान होती. पंखा चालू होता आणि जज मॅडमनी कागदांवर स्टेपलर ठेवला होता. थोरल्या बहीणबाई, म्हणजे ताई, दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मी मनात त्यांची खलनायिका करून ठेवली होती, तर गुडघे दुखणारी, रुमालाची घडी पुन्हा पुन्हा घालणारी एक दमलेली बाई निघाली. दादा दोघींच्या मधे. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की मान वळवायचा.

काकू उभ्या राहिल्या. ताईंच्या वकिलांनी आमचं प्रतिज्ञापत्र हातात घेतलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "यात सहावा परिच्छेद आहे. तुम्ही भावाला आजवर एकदाही एकटं ठेवलेलं नाही. खरं आहे?"

"नाही," काकू म्हणाल्या.

वकिलांनाही ते अपेक्षित नव्हतं बहुतेक. ते कागदावरून वर बघायला लागले.

"नाही म्हणजे?"

"असं नाही ते. मंगळवारी मी त्याला कुलपात ठेवते."

"मग सही का केलीत?"

काकूंनी आमच्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानदाराने चुकून दुसऱ्याचं सामान पिशवीत घातलं की आपण बघतो ना, तसं. "पोरांनी लिहिलं होतं. म्हटलं शिकलेली आहेत, बरोबरच असेल."

वकिलांनी मग एक फोटो पुढे केला. काकूंचं दार, कडी, कडीला कुलूप आणि शेजारच्या खिडकीच्या गजांतून बाहेर आलेले दादाचे दोन हात. ताई न कळवता भेटायला गेल्या होत्या आणि तो मंगळवार होता.

सर उठले आणि म्हणाले, "मॅडम, चूक माझ्या क्लिनिकची आहे, बाईंनी आमच्यापासून काही लपवलं नव्हतं." मॅडमनी ऐकून घेतलं. पण कुलूप खरं होतं आणि कागद खोटा होता. त्यांनी नवीन प्रतिज्ञापत्र द्यायला सांगितलं, पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली आणि तोवर भाऊ थोरल्या बहिणीकडे राहील असा आदेश केला.

बाहेर व्हरांड्यात ताई काकूंजवळ आल्या. मी भिंतीला टेकून उभी होते.

"मी चाळीस मिनिटं दारात उभी होते गं," ताई म्हणाल्या. "तो आतून मला म्हणत होता, ताई, चावी कामावर गेलीय. तू बस. मी म्हटलं बाहेर ये रे, तर म्हणाला, आज मंगळवार आहे. आग लागली असती तर काय केलं असतंस?"

"रोज तेच मनात असायचं," काकू म्हणाल्या. "मंगळवारी माझे टाके वाकडे येतात. विचार उस्तादांना, असते तर सांगितलं असतं त्यांनी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नेलं असतंस त्याला."

 दादाने दोघींचे हात धरले होते. त्याला वाटलं दोघी बरोबर येणार आहेत. रिक्षात बसताना तो काकूंचा हात सोडेना, तर काकूंनीच एकेक बोट सोडवलं, जसं सीटचा जुना टाका काढतात, न फाडता.

पुढच्या शनिवारी मला वाटलं त्या येणार नाहीत. दहाला पाच कमी असताना आल्या. मी उभी राहिले आणि बोलायला लागले, माफी वगैरे, भरभर, रडत, वाक्य पुरं न करता. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"रडून झालं की सांग. मग लिहायला बसू."

त्यांना नुसतं बसून बोलता येत नव्हतं. हात रिकामे असले की शब्द सुचत नाहीत म्हणाल्या. मग त्यांची नजर आमच्या फाटक्या खुर्च्यांवर गेली. सर स्वतः गेटवर जाऊन वॉचमनशी बोलले आणि त्या दिवसापासून दाभण आत यायला लागलं. वॉचमनने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'हत्यार, खुर्चीकरता.'

चार शनिवार. चार खुर्च्या. त्या शिवायच्या आणि सांगायच्या. प्रश्नपत्रिका विचारायचा, मी लिहायचे, हाताने, पेनने, कॉम्प्युटर बंद करून. 'नमुने' फोल्डर आम्ही उघडलंच नाही. प्रत्येक पान झालं की मी मोठ्याने वाचायचे आणि त्या टाका थांबवून ऐकायच्या.

"'माझा भाऊ आनंदी असतो,'" मी वाचलं.

"असं मी म्हटलं नाही."

"मग काय लिहू?"

"बहुतेक दिवस बरा असतो. कधी कधी चिडतो, ताट फेकतो. एकदा मला चावला, हे बघ."

"हेही लिहायचं काकू?"

"तुला वाटतं जज मॅडमना भाऊ नसेल?"

दुसऱ्या शनिवारी मंगळवारचं आलं. मी तेही तसंच लिहिलं, नऊ ते दीड, बाहेरून कुलूप. सर मागून वाचत होते. त्यांनी विचारलं, "काकू, तुमची आठवड्याची सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

"मंगळवारी करून मागितलीत कधी?"

काकूंचा हात थांबला. "अठरा वर्षांपूर्वी क्लार्कला तोंडी विचारलं होतं. तो म्हणाला असं चालत नाही. मग नाही विचारलं."

आम्ही त्याच दिवशी डेपो मॅनेजरला एक पानाचं पत्र लिहिलं. पाच दिवसांत उत्तर आलं. दोन ओळी. सुट्टी मंगळवारी मंजूर.

ते पत्र हातात घेऊन मी बाथरूममध्ये जाऊन बसले. कारण मी ते वाक्य पहिल्यांदाच खरं लिहिलं असतं तर सरांनी ते तेव्हाच वाचलं असतं आणि तेव्हाच हाच प्रश्न विचारला असता. कुलूप कोर्टात जायच्या आधीच निघालं असतं. दादा त्याच्या घरी असता.

ताईंनी त्याला वाईट ठेवलं नाही, हे सांगायलाच हवं. डॉक्टरला दाखवलं, केस कापले, नवे कपडे घेतले, रोज संध्याकाळी फोन लावून काकूंशी बोलणं करून दिलं. पण त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. तिथून रस्ता ऐकू येत नाही. पहिले आठ-नऊ दिवस तो दुधाशिवाय काही घेत नव्हता. फोनवर काकूंना एकच विचारायचा, आज मंगळवार आहे का?

सहा आठवड्यांनी जज मॅडमनी आमचे अकरा पानी कागद वाचले. सगळे, चावल्याचंही. मग ताईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. ताई बसूनच म्हणाल्या, गुडघ्यांमुळे, "कुलूप नसेल तर माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडे तो नुसता खिडकीत बसतो हो." आदेश झाला. काकू पालक, दाराला बाहेरून कुलूप नाही, ताई कधीही येऊन भेटू शकतात. व्हरांड्यात प्रश्नपत्रिकेने मला मिठी मारली आणि मग आम्ही दोघं ओशाळून वेगवेगळ्या दिशांना बघायला लागलो.

आदेशाची प्रत द्यायला मी डेपोत गेले. वर्कशॉपमध्ये डिझेलचा आणि रबराचा वास, पत्र्याखाली एक अर्धी सोललेली बस, आत काकू गुडघ्यांवर बसून टाके घालत होत्या. दादा मागच्या सीटवर. नवीन कापलेल्या केसांमुळे त्याचे कान मोठे दिसत होते. मला बघून त्याने हात केला.

लांबून एक बस येत होती. मेकॅनिकांपैकी एकाने हातातला पाना खाली ठेवला आणि दादाकडे बघितलं. दुसऱ्यानेही बघितलं. इंजिनचा आवाज जवळ आला, फाटकाशी आला, आत आला.  दादा स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

"साहेब," पहिला मेकॅनिक हळूच म्हणाला, "कितवी?"

दादा हसला, पाहुण्याकडे बघून हसतात तसं. नंबर सांगितला नाही. मेकॅनिकने पाना उचलला. काकूंनी मान वर केली नाही, पण त्यांचा टाका मी बघितला, त्यांनी तो काढला आणि पुन्हा घातला.

त्यानंतरच्या शनिवारी काकू क्लिनिकमध्ये आल्या. मला वाटलं पेढे वगैरे देतील, लोक केस जिंकल्यावर देतात. त्या येऊन त्यांनीच शिवलेल्या खुर्चीवर बसल्या.

"एक ओळ लिहायची राहिली."

"केस संपली काकू. फाइल बंद झाली."

"तरी लिही. त्या फाइलीत त्याच्याबद्दल लिहिलंय की तो बस ओळखतो. आता ते खोटं झालं."

मी सरांकडे बघितलं, त्यांनी नुसती मान डोलावली. मी फाइल काढली, कोरा कागद घेतला आणि लिहिलं, मग मोठ्याने वाचलं. "'घरी परत आल्यापासून माझा भाऊ बोलत नाही.'"

"घाई करतेस," काकू म्हणाल्या. "बोलतो की. पाणी मागतो. मला हाक मारतो. परवा शेजारणीला म्हणाला, तुझी साडी छान आहे. बसचे नंबर सांगत नाही. तेवढंच लिही."

मी खोडलं. पुन्हा लिहिलं. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. 'घरी परत आल्यापासून माझा भाऊ बसचे नंबर सांगत नाही.'

"हां."

"का ते लिहू?" मी विचारलं.  "आमच्या चुकीमुळे म्हणून. ते खरं आहे."

काकूंनी थोडा विचार केला. खरंच केला, मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणायची घाई त्यांनी केली नाही.

"का ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत नाही ते कसं लिहायचं? तारीख घाल."

मी तारीख घातली. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, मग चष्मा लावून स्वतः पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवत, आणि सही केली.